ऐकण्याची पाळी

फोन बंद पडला की तारमास्तर आधी चहा मागवत. मग त्या फोनकडे पाठ करून बसत आणि चौकीवरच्या माणसाला विचारत, "घरी समदं बराबर हाय ना? पाव्हणे गेले का?" फोनचं नाव काढत नसत. पाव्हणे, म्हशीचं दूध, सासूचा गुडघा असं करत करत चहा संपे. उठता उठता सहज आठवल्यासारखं ते फोनचं झाकण उघडत, आत एक फुंकर मारत आणि झाकण लावून टाकत. निम्म्या वेळा फोन सुरू होई. उरलेल्या वेळी तो मेलेलाच राही, तेव्हा "त्याला जरा टाइम द्या" म्हणून ते सायकलवर टांग टाकत. यातलं कधी काय होणार, हे मला त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढूनही एकदाही आधी सांगता आलं नाही.

मी हिंगोलीचा. वसमतच्या अलीकडे, कालव्याच्या काठावर आमचं एक लहानसं ऑफिस होतं, तिथं मी कारकून म्हणून लागलो. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. धरणातून सुटलेलं पाणी कुठल्या चारीला किती द्यायचं, हे चौक्यांवरच्या माणसांना कळवण्यासाठी कालव्याच्या काठाकाठानं ऑफिसची स्वतःची टेलिफोनची तार टाकलेली होती. पोस्टाच्या फोनशी तिचा काही संबंध नव्हता. धरणापासून टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या टोकापर्यंत, सगळ्या चौक्या आणि आमचं ऑफिस त्या एकाच तारेला लटकलेले. दांडी फिरवायचा काळा फोन. एकानं दांडी फिरवली की सगळीकडे घंटा वाजे, आणि ती कुणासाठी आहे हे लांब-आखूड ठोक्यांवरून ओळखायचं. दुसऱ्याची घंटा असली तर आपण रिसीव्हर उचलायचा नाही, असा नियम होता. तो प्रत्येक चौकीत भिंतीवर चिकटवलेला होता, आणि बहुतेक चौक्यांत त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं.

ही तार सांभाळणं हे तारमास्तरांचं काम. हे नाव त्यांना लोकांनी दिलेलं; खरं नाव फक्त मस्टरवर होतं. निजामाच्या काळात कुठल्याशा स्टेशनात ते तारेचं काम शिकले होते म्हणे. कुठल्या, ते विचारलं तर दर वेळी वेगळं स्टेशन सांगत. उंच, किंचित वाकलेला माणूस. भर उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला मफलर आणि बारा महिने हातात छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिचं टोक तारेच्या खांबाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं, एवढाच तिचा उपयोग. एकदा त्यांनी मलाही ऐकायला लावलं.

"काय ऐकू आलं, बाबू?"

"वारा."

"मंग बराबर हाय," असं म्हणून ते पुढच्या खांबाकडे निघाले. यात बराबर काय होतं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

बॅटरीचे सेल ते जिभेनं तपासत. दोन्ही तारा जिभेवर ठेवून, पंक्तीत आमटी चाखावी तसा चेहरा करत आणि निकाल देत, "अजून आंबट हाय, महिनाभर चालंल." ऑफिसनं त्यासाठी एक काटा असलेलं यंत्र दिलं होतं. ते मास्तरांनी कपाटात ठेवलं होतं आणि दसऱ्याला त्याची पूजा करत.

पुलाच्या चौकीजवळ एका ठिकाणी खांब कलला होता आणि तार खाली आली होती. तिथल्या वस्तीवरची एक बाई त्या तारेवर गोधड्या वाळत घाली. ओली गोधडी पडली की लाईन गप्प. कालव्याचे इन्स्पेक्टर तिच्यावर दोनदा ओरडून आले होते. मास्तर गेले ते सरळ तिच्या ओट्यावर बसले, तिच्या हातचा चहा प्याले, आणि येताना बांबू रोवून तिला दोरी बांधून देऊन आले. कललेला खांब मात्र सरळ केला नाही. मी म्हटलं, "मास्तर, खांबाचं काय?" तर म्हणाले, "खांबाची काय तकलीफ हाय? तकलीफ बाईला होती." तो खांब मी तिथून जाईपर्यंत तसाच होता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणीही फोनबद्दल तक्रार आणली की ते म्हणत, "तार झूट बोलत न्हाई. झूट बोलतो तो माणूस." हे ते इतक्या ठामपणे म्हणत की तक्रार करणाऱ्याला आपणच काहीतरी लपवतोय असं वाटू लागे. आणि रोज सकाळी ऑफिसातल्या फोनवरून ते एकेका चौकीची घंटा वाजवून विचारत, "हाय का?" तिकडून उत्तर येई, "हाय." पुढची चौकी. "हाय का?" "हाय." झाली तपासणी. 'हॅलो' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही.

गोंधळ असा होता की सकाळी तार अगदी स्वच्छ असे. टेलचा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटावं. आणि कामाच्या वेळेला तीच तार दगा देई. आवाज सुरुवातीला खणखणीत, आणि ऐन मुद्द्यावर आला की विहिरीत बुडाल्यासारखा खोल खोल जाई. मग मास्तर येऊन पाहत. "हाय का?" "हाय." एकदम साफ. त्यांची पाठ वळली की पुन्हा तेच. सेल बदलले, खांबावरच्या चिमण्यांच्या काड्या काढल्या, टेलच्या फोनमधून एक पाल निघाली. बिघाड होता तसाच राहिला. नवस बोलायचं तेवढं राहिलं होतं.

टेलच्या चौकीवर किसन होता. रोजंदारीवरचा माणूस, नवराबायको आणि दोन लेकरं चौकीतच राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फोन, आणि फोनवर त्याच्या बायकोनं विणलेला रुमाल. किसन बोलायला मवाळ, पण कुणापुढे लवून बोलायचा नाही, आणि काही लोकांना तेवढंही खुपायचं. त्याला खोटा म्हणायला अशांना फार पुरावा लागत नसे.

उन्हाळी पाळी सुरू होती, म्हणजे उन्हाळ्यातलं पाणी चाऱ्यांना आळीपाळीनं देणं चाललं होतं. एका संध्याकाळी वरून अंदाजापेक्षा जास्त पाणी आलं. आमच्या डेप्युटी साहेबांनी ऑफिसातून टेलची घंटा वाजवली. किसननं जादा पाण्याचं दार उघडून ते नाल्यात सोडायचं, एवढाच हुकूम द्यायचा होता. पण साहेबांचा स्वभाव असा की माणूस तावडीत सापडला की मागचं सगळं काढायचं. आदल्या आठवड्यात निरोपाला उशीर का केला, इथून त्यांनी सुरुवात केली, चांगलं झाडलं, आणि शेवटी दाराचा हुकूम देऊन रिसीव्हर ठेवला. मी समोरच्या टेबलावर होतो. हुकूम मी माझ्या कानांनी ऐकला.

दार उघडलं गेलं नाही. टेलजवळ काठ फुटला आणि पाणी एका बागायतदाराच्या खळ्यात शिरलं. तिथं त्यांची शिजवून वाळत घातलेली हळद पसरलेली होती. वाळत आलेली हळद भिजली म्हणजे काय होतं, हे वसमतच्या बाजूला कुणाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ ऑफिसात येऊन बसले आणि किसनला घरी बसवल्याशिवाय हलणार नाही म्हणाले.

किसनचं म्हणणं एकच होतं. "साहेब, तुमी रागावून राहिले तेवढं ऐकू आलं. मंग आवाज बुडाला. मी म्हनलो बी, आवाज येत न्हाई. मंग लाईन बंद झाली. मला वाटलं, रागवनं सरलं."

साहेबांनी तिथल्या तिथं फोन ओढला आणि टेलची घंटा वाजवली. किसनच्या बायकोनं उचलला. "हाय का?" साहेबांनी विचारलं. लाईनवर तेवढंच विचारायचं असतं असा तोपर्यंत सगळ्यांचाच समज झाला होता. "हाय," ती म्हणाली. तिच्या मागे रडणारं लेकरूसुद्धा खोलीभर ऐकू आलं.

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुम्हीच सांगता ना, तार झूट बोलत नाही?"

मास्तर दाराशी उभे होते. किसननं त्यांच्याकडे पाहिलं, पण मास्तर छत्रीच्या मुठीकडे बघत होते. ते आणीबाणीचे दिवस होते; रोजंदारीच्या माणसाला काढायला साहेबांना फार विचार करावा लागत नसे. किसनची नोकरी जाणार म्हणजे चौकी जाणार, आणि चौकी हेच त्याचं घर. हे सगळं त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. शेवटी मास्तर म्हणाले, "साहेब, बाजाराच्या दिवसापोतर टाइम द्या. फोनला ताप हाय, पन मी हात लावला की उतरतो. मला तो चढलेला बघू द्या."

साहेब हसले. हळदवाले हसले नाहीत. पण वेळ मिळाला.

पुढचे दिवस मास्तरांनी जे काही केलं, त्याचा अर्थ मला लागेना. त्यांनी मला टेलच्या चौकीवर नेऊन बसवलं. "मी हापिसातून बोलतो. ऐकू येतं का न्हाई एवढं मनात ठिवा," असं सांगून गेले. थोड्या वेळानं घंटा वाजली. मास्तर पावकीचा पाढा म्हणत होते. पूर्ण म्हटला. स्वच्छ ऐकू आला. मग त्यांनी मारुतीचं एक स्तोत्र म्हटलं. तेही स्वच्छ. मग वसमतच्या बाजारातले कापसाचे भाव सांगायला लागले, आणि मला वाटलं आवाज जरासा खाली गेला. पण वाटलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग काही सूचना नाही, काही नाही, एकदम त्यांनी माझ्यावर तोंड सोडलं. "तुमाला लाज न्हाई बाबू. हापिसात बसून तुमी काय काय धंदे करून राहिले, ते मला ठाव हाय. त्या दिवशी तुमच्याकडं कोन आलतं, ते सांगू का आता समद्याला?" माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. पण ते कोण म्हणून सांगतात हे ऐकायला मी रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबला, आणि आवाज बुडाला. अगदी किसन म्हणत होता तसा. नुसती दूरची कुरकुर.

मी सायकल हाणत ऑफिसात आलो ते भांडायच्या तयारीनं. मास्तर पायरीवर बसून चहा पीत होते.

"कोन आलतं म्हनलो ते ऐकू आलं का?"

"नाही."

"शाब्बास," म्हणाले, आणि अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. मी तो पिऊन टाकला. भांडायचं राहूनच गेलं.

बाजाराच्या दिवशी त्यांनी साहेबांनाच टेलच्या चौकीवर जायची विनंती केली. साहेब जीपनं निघाले, सोबत मला घेतलं. चौकीत किसन आणि त्याची बायको भिंतीला लागून उभी होती. तिनं रुमाल काढून फोन पुसून ठेवला होता. घंटा वाजली. साहेबांनी उचलला.

"हाय का?"

"आहे," साहेब म्हणाले.

मास्तरांनी एकपासून अंक मोजले. साहेबांनी मान हलवून मला खुणावलं, सगळं साफ आहे. किसननं डोळे मिटून घेतले. मग साहेबांचा चेहरा बदलला. "काय? कुणाची बदली? माझी? कुठं?" ते उठून उभे राहिले. "कुठं, मास्तर? मोठ्यानं बोला. गावाचं नाव काय म्हणालात?" एक बोट दुसऱ्या कानात घातलं, भिंतीकडे तोंड केलं, खाली वाकले. "आवाज येत नाही. मास्तर, आवाज येत नाही." असं ते तीन-चारदा म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की किसन त्यांच्याकडे बघतोय. किसनच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याची बायको मात्र पदर तोंडाशी धरून बाहेर गेली.

जीप ऑफिसाशी थांबताच साहेब उतरून आत गेले. खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "कुठं बदली झाली?"

"कुठंच न्हाई साहेब. झूट बोललो," मास्तर म्हणाले. मग त्यांनी समजावलं, आणि इतके दिवस न सुटलेलं कोडं एखाद्या पोराला कळेल एवढं सोपं निघालं. "एका तारेतला आवाज म्हंजी एका कालव्यातलं पानी. वरले लोक दारं उघडून बसले की टेलला काय पोचंल? हाय का, न्हाई का, हे ऐकायला कोनी फोन उचलत न्हाई. पाढे बी कोन ऐकतंय? जरा जरा येळानं उचलून बघतात, पाढे आसले की ठिवून देतात. पन साहेब कोनाला रागावून राहिले, कोनाची बदली निघाली, म्हनलं की समदे आपापला उचलून बसतात. जेवढी बात कामाची, तेवढा आवाज कमी. त्या दिवशी तुमी पयले किसनला झाडलं, समद्यांनी उचलला. हुकमाची येळ आली तवा टेलला काही उरलंच न्हाई."

साहेब इंजिनियर होते. त्यांना ते पटलं हे मला दिसत होतं. पण पटणं वेगळं आणि हळदवाल्यांना सांगणं वेगळं. त्यांनी दांडी फिरवून सगळ्यांसाठीची लांब घंटा वाजवली. ती घंटा फक्त कालवा फुटला तर वाजवायची असते. एकेका चौकीला त्यांनी विचारलं, "त्या संध्याकाळी तू फोन उचलून ऐकत होतास का?" प्रत्येक चौकीनं सांगितलं, न्हाई साहेब. नियमाच्या विरुद्ध वागलो असं त्या दिवसांत कोण कबूल करणार?

"मग?" साहेब रिसीव्हर हातात तसाच धरून म्हणाले. "कुणीच ऐकत नव्हतं. म्हणजे आवाज बुडायला कारण नाही. म्हणजे किसन खोटा."

मास्तरांनी मफलर सैल केला. तो सैल केलेला मी प्रथमच पाहत होतो.

"मी ऐकत होतो, साहेब."

"तुम्ही?"

"माझ्या खोलीत तपासनीचा फोन हाय ना. तो उचललेला होता. किसन म्हनला, साहेब आवाज येत न्हाई. दोनदा म्हनला. तुमी बोलून राहिले होते म्हनून तुमाला आलं न्हाई. मला आलं."

"अहो, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर तुमी इचारलं आसतं, तू काहून ऐकत होता."

"का ऐकत होता?"

"मी रोजच ऐकतो, साहेब. हापिस सुटलं की खोलीत कोनाचा आवाज नसतो. तारेवर आसतो. किसनची बायको पुलावरलीला कालवन कसं केलं ते इचारते. धरनावरला आपल्या पोराकडून पाढे म्हनून घेतो. कोनाचं लेकरू रडतं. डोळा लागंपोतर कानाला ठिवतो."

चहा मागवून पाव्हण्यांची चौकशी करणारा तो माणूस मला त्या क्षणी जरासा कळल्यासारखा वाटला. ज्या घरांची विचारपूस ते करत, त्या घरांतलं सगळं त्यांना आधीच ठाऊक असायचं.

साहेबांच्या हातातला रिसीव्हर अजून ठेवलेला नव्हता. त्यातून धरणावरच्या माणसाचा आवाज आला, "साहेब, मी बी उचलला होता त्या दिवशी." मग पुलावरच्याचा. मग इतके आवाज एकदम आले की कोण काय कबूल करतोय हेच कळेना. सगळे मघापासून ऐकत होते, हे उघडच होतं.

किसनची नोकरी राहिली. हळदवाल्यांना साहेबांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. ते पुन्हा आले नाहीत एवढं खरं. शिक्षा झाली ती एकट्या मास्तरांना. त्यांच्या खोलीतला फोन काढायचा हुकूम झाला. तो त्यांनी स्वतःच काढला, मफलरात गुंडाळून आणला आणि कपाटात त्या काटेवाल्या यंत्राशेजारी ठेवला. नंतर काही दिवस ते संध्याकाळी आमच्या बिऱ्हाडांच्या दारांवरून जाताना थांबत आणि बाहेरूनच विचारत, "हाय का?" माझी बायको म्हणे, "आहोत," आणि ते पुढे जात. आत या म्हटलं तरी येत नसत. ऐकून झालं की त्यांचं काम झालं.

आणि मग त्यांनी एक उद्योग केला, जो साहेबांना शेवटपर्यंत कळला नाही. लोक ऐकायचं सोडणार नाहीत, हे त्यांना सगळ्यांत आधी कळलं होतं. म्हणून पाण्याला लावतात तशी त्यांनी ऐकण्याला पाळी लावून दिली. एका दिवशी धरणानं ऐकायचं, दुसऱ्या दिवशी पुलावरच्यानं, मग पुढच्यानं. बाकीच्यांनी रिसीव्हरला हात लावायचा नाही. ज्याची पाळी, त्यानं ऐकलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायचं. पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी काढणारी माणसं, पण ही पाळी कुणी मोडली नाही. लाईन सुधारली. साहेबांना वाटलं, आपला हुकूम लागू पडला. सकाळचं "हाय का?" "हाय." झालं की आदल्या दिवशीचा पाळीवाला मास्तरांना घराघरांतलं सांगे, आणि मास्तर पुढ्यातला चहा थंड करून ऐकत बसत. त्यांनी स्वतःला मात्र पाळीत धरलं नव्हतं.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला तेव्हा मी कामासाठी टेलला गेलो होतो. निरोपाचा हार सकाळीच झाला होता. दुपारी किसनच्या बायकोनं भाकरी वाढली आणि आम्ही जेवायला बसलो तोच फोन वाजला. लांब, न थांबणारी घंटा. सगळ्यांसाठीची. किसन उष्ट्या हातानं उठला, डाव्या हातानं रिसीव्हर उचलला आणि मलाही ऐकू यावं म्हणून तिरपा धरला. मी कान नेला.

"हाय का?" मास्तरांचा आवाज. मागोमाग कालव्यावरचे सगळे फोन उचलले गेले असणार, कारण त्यांनी पुढं बोलायला सुरुवात केली आणि आवाज बुडाला. बोलत होते एवढं कळत होतं. काय, ते नाही.

किसननं क्षणभर ऐकलं आणि रिसीव्हर हळूच ठेवून दिला.

मला राग आला. "अरे, ठेवला कशाला?"

"समद्यांनी उचललाय, बाबूसाहेब. आपन ठिवला तर बाकीच्याला तरी ऐकू येईल."

"आणि तुला?"

"आज पुलावरल्याची पाळी हाय. त्यो सांगंल उद्या." असं म्हणून तो पुन्हा ताटावर बसला, पण त्यानं भाकरीचा तुकडा मोडला नाही.

मी परतताना पुलावर थांबलो आणि विचारलं, मास्तर काय म्हणाले? पुलावरचा म्हणाला, "मी तर ठिवून देला जी. म्हनलं, किसनला ऐकू द्या. टेलला आवाज पोचत न्हाई, आन् मास्तरानं त्याच्यासाठीच तर समदं केलं." दुसऱ्या दिवशी धरणाला विचारलं. त्यानंही किसनसाठी ठेवला होता. मधल्या चौक्यांना विचारलं. सगळ्यांनी ठेवला होता. त्या दुपारी तारेवर ऐकायला एकही माणूस नव्हता.

ऑफिसात जेवणाची सुट्टी होती, म्हणून तिथंही कोणी नव्हतं. शिपाई लतीफभाई तेवढे बाहेर पायरीवर बसले होते. ते सांगत होते की मास्तरांनी दार लोटून घेतलं होतं आणि आत बराच वेळ बोलत होते, मधे थांबत, पुन्हा बोलत. रिसीव्हर ठेवल्याची खट् अशी बारीक खूण तारेवर ऐकू येते. खांबातला वारा ऐकणाऱ्या माणसाला ती एकेका चौकीची ऐकू आली नसेल, हे शक्य नाही. आपणच शिकवलेलं हे लोक पाळतायत असं त्यांना वाटलं, की सगळे उठून गेले असं वाटलं, यावर मी आजवर दोन्हीकडून विचार केला आहे आणि कुठंच पोचलेलो नाही. सगळ्यांनी ठेवल्यावरही ते बोलायचे थांबले नाहीत, एवढं मात्र लतीफभाई शपथेवर सांगत.

मी त्यांना विचारलं, बाहेर आले तेव्हा मास्तरांचा चेहरा कसा होता? मफलर नाकापर्यंत होता, म्हणाले. छत्री काखेत मारून मास्तर पायऱ्या उतरले, एसटी स्टँडकडे वळता वळता थांबले आणि म्हणाले, "लतीफभाई, आज लाईन एकदम साफ हाय. जरा बी खरखर न्हाई."